पुस्तकाची सूची आणि ‘पान अमुक पाहा’ : लिब्रेऑफिस रायटरमध्ये पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

तालुक्याचा इतिहास, घराण्याचा वृत्तांत, संस्थेचा शतकमहोत्सवी ग्रंथ, पीएचडीचा प्रबंध. अशी पुस्तकं फार थोडे लोक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. बहुतेक जण त्यात काहीतरी शोधायला येतात : आपल्या गावाचं नाव, आजोबांचं नाव, एखादं धरण, एखादा शिलालेख. अनुक्रमणिका त्यांना प्रकरणापर्यंत पोचवते. नेमक्या पानापर्यंत पोचवते ती शेवटची सूची. मराठीतल्या कितीतरी मेहनतीनं लिहिलेल्या पुस्तकांना ती नसते आणि ते मला मनापासून खटकतं.

ती नसण्याचं कारण बहुधा वेळ. पूर्वी पानं पक्की झाल्यावर हातात प्रुफं घेऊन, चिठ्ठ्या करून, त्या लावून सूची बनवावी लागे आणि तोवर छपाईची घाई सुरू झालेली असे. आता तसं करावं लागत नाही. लिहितानाच किंवा शेवटच्या वाचनात मजकुरात खुणा करून ठेवायच्या, पानांचे आकडे सॉफ्टवेअर भरतं. पुढे दहा पानं वाढली तरी ‘अपडेट’ म्हटलं की आकडे बदलतात. ‘यासाठी पान ४५ पाहा’ अशा मजकुरातल्या क्रॉस-रेफरन्सचंही तेच.

इथे मी लिब्रेऑफिस रायटर हा वर्डसारखा लेखनाचा प्रोग्राम धरून सांगतोय, कारण तो फुकट मिळतो, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो आणि युनिकोड, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतातलं, मराठी नीट हाताळतो. मेनूंची नावं इंग्रजी मांडणीतली दिली आहेत. आवृत्तीप्रमाणे एखादा शब्द इकडेतिकडे दिसेल. उदाहरणासाठी जुन्नर तालुक्याच्या इतिहासाचं एक हस्तलिखित आपल्यासमोर आहे असं समजू.

आधी तीन गोष्टी तपासा

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : पुस्तकाची शेवटची पानं कुठे लागणार आहेत? तुम्ही रायटरमधूनच पीडीएफ काढून छापायला देणार असाल तर उत्तम, पुढचं सगळं तुमच्या कामाचं. पण फाइल डीटीपीवाल्याकडे जाऊन तो इनडिझाइनमध्ये पानं लावणार असेल, तर तुमच्या फाइलमधल्या पानांना तिथे काहीच अर्थ उरत नाही. तशा वेळी सूची त्याच्या फाइलमध्ये, शेवटच्या प्रुफावर व्हायला हवी. इनडिझाइनमध्ये सूचीसाठी आणि क्रॉस-रेफरन्ससाठी स्वतंत्र पॅनेल आहेत. काम सुरू करण्याआधीच हे बोलून घ्या. सूचीची पानं किती लागतील याचाही अंदाज द्या, नाहीतर शेवटच्या फर्म्यात (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात) जागाच उरत नाही.

दुसरी : मजकूर युनिकोडमध्ये आहे का? एखादा परिच्छेद निवडा आणि त्याला एरियल फाँट लावून बघा. मराठी वाचता येत राहिलं तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसला तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. त्याची अकारविल्हे सूची लागणं शक्य नाही, कारण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच आहेत. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग सगळा मजकूर एकदा वाचून जोडाक्षरं तपासा आणि त्यानंतरच खुणांना हात घाला.

तिसरी : प्रकरणांची शीर्षकं नुसती ठळक आणि मोठी करून ठेवली आहेत की त्यांना ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या स्टाइल दिल्या आहेत? क्रॉस-रेफरन्स शीर्षकांना बांधायचे तर स्टाइल हवीच. एफ५ दाबून नॅव्हिगेटर उघडा. ‘हेडिंग्ज’खाली तुमची सगळी प्रकरणं दिसली की हा भाग झाला.

पहिली नोंद

हस्तलिखितातली ही दोन वाक्यं घ्या :

‘जुन्नरहून पश्चिमेला निघालं की घाटघर ओलांडून आपण नाणेघाटाच्या तोंडाशी येतो. इथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे.’

यातून सूचीत काय जावं? नाणेघाट नक्की. नागनिका नक्की. शिलालेखही, कारण पुस्तकात इतर ठिकाणचे शिलालेख येतील आणि ते एकत्र शोधणारा वाचक असतो. जुन्नर नाही, पुस्तकच जुन्नरवर आहे, प्रत्येक पानावर ते नाव येणार. घाटघरही इथे नाही. ते वाटेत लागलं इतकंच, त्याच्याविषयी काही सांगितलेलं नाही. ज्या पानावर घाटघरबद्दल खरोखर माहिती असेल तिथे खूण करा. सूचीतला आकडा पाहून वाचक त्या पानावर गेला आणि त्याला नुसतं नाव सापडलं, तर दुसऱ्यांदा तो सूचीवर विश्वास ठेवणार नाही.

आता प्रत्यक्ष खूण :

१. ‘नाणेघाटाच्या’ हा शब्द निवडा.

२. ‘इन्सर्ट’ मेनूतून ‘टेबल ऑफ कन्टेन्ट्स अँड इंडेक्स’ आणि त्यातून ‘इंडेक्स एन्ट्री’ उघडा.

३. वरच्या ‘इंडेक्स’ या चौकटीत ‘अल्फाबेटिकल इंडेक्स’ आहे ना ते पाहा.

४. ‘एन्ट्री’च्या चौकटीत ‘नाणेघाटाच्या’ आपोआप आलेलं असेल. ते खोडून ‘नाणेघाट’ करा. ही पायरी कधीही गाळू नका.

५. ‘इन्सर्ट’ दाबा. चौकट बंद करायची गरज नाही. ती तशीच उघडी ठेवून मजकुरात ‘नागनिकेचा’ निवडा, चौकटीत परत या, ‘नागनिका’ करा, पुन्हा ‘इन्सर्ट’.

६. शिलालेखासाठी ‘शिलालेख’ निवडा. ‘फर्स्ट की’च्या चौकटीत ‘शिलालेख’ लिहा आणि ‘एन्ट्री’त ‘नाणेघाट’ लिहा. यामुळे सूचीत ‘शिलालेख’ हे मुख्य पद येईल आणि त्याच्याखाली, थोडं आत, ‘नाणेघाट’ आणि त्याचं पान.

‘फर्स्ट की’ म्हणजे वरचं पद आणि ‘एन्ट्री’ म्हणजे त्याच्या पोटातलं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढे अडत नाही. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो, कारण चौकटीत ‘एन्ट्री’ वर आहे आणि ‘की’ तिच्या खाली. ‘सेकंड की’ तिसऱ्या पातळीसाठी आहे; तालुक्याच्या पुस्तकाला ती सहसा लागत नाही.

खूण केलेला शब्द पडद्यावर करड्या पार्श्वभूमीवर दिसतो. तो रंग छापला जात नाही. दिसत नसेल तर कंट्रोल आणि एफ८ दाबा. एखादी खूण दुरुस्त करायची तर कर्सर त्या शब्दाच्या लगेच आधी ठेवून ‘एडिट’ मेनूतल्या ‘रेफरन्स’मधून ‘इंडेक्स एन्ट्री’ उघडा. तिथेच ती काढूनही टाकता येते.

एका पानावर विषय नीट मांडला आहे आणि इतर पानांवर जरा जरा आला आहे, असं असेल तर मुख्य पानाची खूण करताना ‘मेन एन्ट्री’वर टिचकी मारा. त्या पानाच्या आकड्याला सूचीत वेगळी अक्षरशैली देता येते, म्हणजे ठळक आकडा पाहून वाचक आधी तिथे जातो. ही सोय फार थोडे लोक वापरतात आणि वाचकाला ती फार उपयोगी पडते.

सगळीकडे एकदम खूण करण्याचा मोह

त्याच चौकटीत ‘अप्लाय टू ऑल सिमिलर टेक्स्ट्स’ असा पर्याय आहे. एकदा टिचकी मारली की तो शब्द जिथे जिथे असेल तिथे तिथे खूण होते. ऐकायला छान वाटतं, पण मराठीत हा पर्याय जपून वापरावा लागतो, कारण आपले शब्द वाक्यात शिरताना रूप बदलतात.

‘पुणे’ घ्या. ‘होल वर्ड्स ओन्ली’ म्हणजे फक्त पूर्ण शब्द असं सांगितलंत तर ‘पुण्यात’, ‘पुण्याला’, ‘पुण्याहून’ यांतलं एकही सापडणार नाही आणि मजकुरात नुसतं ‘पुणे’ तसं कमीच येतं. ती अट काढलीत तर ‘पुणेकर’ही येईल. मग ‘पुण्या’ असं शोधलंत तर ‘पुण्यात’ सापडेल, पण ‘पुण्याई’सुद्धा सापडेल. ‘लेणी’ शोधलं तर ‘लेण्यांमध्ये’ निसटतं. ‘नाणे’ शोधलं तर सातवाहनांच्या नाण्याबरोबर नाणेघाटही येतो आणि ‘नाण्यांवर’ मात्र सुटतं.

कॉन्कॉर्डन्स फाइल नावाची सोय याच जातीची. सूची घालण्याच्या चौकटीत ‘कॉन्कॉर्डन्स फाइल’वर टिचकी मारली की एक तक्ता करता येतो. एका रकान्यात शोधायचा शब्द, शेजारी सूचीत तो कसा दिसावा ते, मग वरचं पद, मग पूर्ण शब्दच हवा का याचा रकाना. ही फाइल एसडीआय या प्रकारात साठते. रूपांचा प्रश्न यात सोडवता येतो : ‘माणिकडोह’ अशी एक ओळ पूर्ण शब्दाच्या अटीशिवाय घातली की ‘माणिकडोहच्या’, ‘माणिकडोहला’ दोन्ही सापडतात आणि सूचीत ‘माणिकडोह’च येतं. ‘खोडद’, ‘येडगाव’, ‘नागनिका’ अशा ज्यांचा दुसऱ्या कशाशी घोळ होणार नाही त्या विशेषनामांसाठी ती चांगली आहे. ‘नागनिके’ची वेगळी ओळ लागेल तेवढं लक्षात ठेवा.

तरीही माझं स्पष्ट मत असं की तीनशे पानांपर्यंतच्या पुस्तकाला हातानंच, वाचत वाचत खुणा कराव्यात. हे नाव ओझरतं आलंय की इथे त्याच्याबद्दल काही सांगितलंय, हा निर्णय तक्ता करू शकत नाही. शिवाय विषय कधी कधी त्या शब्दाशिवायच येतो. कुकडी प्रकल्पामुळे उठलेल्या गावांबद्दल दोन पानं असतील आणि त्यांत ‘विस्थापन’ हा शब्द एकदाही नसेल. सूचीत मात्र ‘विस्थापन’ हवं. अशा ठिकाणी काहीही न निवडता कर्सर परिच्छेदाच्या सुरुवातीला ठेवा, चौकट उघडा आणि ‘एन्ट्री’त हवं ते पद स्वतः लिहा. खूण तिथे बसते.

पदं कशी लिहायची

नोंद एकवचनी की अनेकवचनी, नाव आधी की आडनाव, हे पहिल्याच दिवशी ठरवून एका कागदावर लिहून ठेवा. आधुनिक काळातल्या व्यक्तींची आडनावं आधी : ‘आगरकर, गोपाळ गणेश’, ‘टिळक, बाळ गंगाधर’. संतांची, राजे-राण्यांची नावं आहेत तशी : ‘ज्ञानेश्वर’, ‘तुकाराम’, ‘नागनिका’. पदव्या आणि आदरार्थी शब्द पुढे लावू नका, नाहीतर अर्धी सूची ‘डॉ.’ आणि ‘श्री.’ यांच्याखाली लागेल. लावायचेच असतील तर नावानंतर : ‘शिवाजी महाराज, छत्रपती’.

एका पदापुढे सात-आठपेक्षा जास्त आकडे जमायला लागले की ते पद फोडा. ‘लेणी’ या शब्दापुढे तीस आकडे पाहून वाचक काय करणार? त्याऐवजी ‘लेणी’ हे वरचं पद ठेवून त्याखाली तुळजा, मानमोडी, लेण्याद्री, शिवनेरी अशी पोटपदं करा. ‘धरणं’ या पदाखाली डिंभे, पिंपळगाव जोगे, माणिकडोह, येडगाव, वडज. मात्र जे नाव वाचक थेट शोधेल त्याला स्वतंत्र जागाही द्या. माणिकडोह शोधणारा ‘म’मध्ये बघतो, तो ‘ध’मध्ये जाईलच असं नाही. एकाच ठिकाणी दोन खुणा करायला काहीच हरकत नाही.

विषय सलग चारपाच पानं चालला असेल तर रायटरमध्ये ‘इथून तिथपर्यंत’ अशी एकच खूण करता येत नाही. प्रत्येक पानावर एकेक खूण करावी लागते, मग सूची घालताना ती जोडून ‘३४-३८’ असं दाखवायला सांगता येतं. पुढे मजकूर सरकला तर मधलं एखादं पान सुटून ‘३४-३५, ३७-३८’ असं दिसेल. ते शेवटच्या तपासणीत पकडायचं.

सारखी दिसणारी पण वेगळी अक्षरं

मराठी सूचीत हमखास डोकं खाणारी गोष्ट ही. सूचीत ‘कऱ्हाड’ दोनदा दिसतं, दोन्ही अगदी सारखी, पानं मात्र वेगवेगळी. कारण हा ‘ऱ्ह’ दोन पद्धतींनी टाइप होतो : कुणाचा कीबोर्ड त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतो, कुणाचा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन. ‘ॲ’चंही तसंच. ते एकसंध अक्षर म्हणूनही येतं आणि ‘अ’वर अर्धचंद्र ठेवूनही येतं. प्रकरणं दोघांनी टाइप केली असतील, किंवा काही मजकूर फोनवर आणि काही संगणकावर झाला असेल, तर हे होणारच.

उपाय सोपा आहे, पण तो खुणा करायच्या आधी करायचा. मजकुरातूनच एक रूप कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’च्या वरच्या चौकटीत टाका, तुम्हाला हवं ते रूप खालच्या चौकटीत टाका आणि सगळीकडे बदलून घ्या. ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ एवढी तीन झाली की बरंचसं काम होतं. त्याच वेळी शुद्धलेखनाचे पर्यायही एक करा. नाणेघाट आणि नाणाघाट ही दोन्ही रूपं प्रचारात आहेत. पुस्तकात एकच ठेवा, अवतरणांतलं मात्र जसंच्या तसं राहू द्या.

सूची उभी करणं

शेवटच्या पानानंतर नवं पान घ्या. ‘इन्सर्ट’, ‘टेबल ऑफ कन्टेन्ट्स अँड इंडेक्स’ आणि त्यातलं ‘टेबल ऑफ कन्टेन्ट्स, इंडेक्स ऑर बिब्लिओग्राफी’. ‘टाइप’ या टॅबवर प्रकार ‘अल्फाबेटिकल इंडेक्स’ निवडा, शीर्षक ‘सूची’ करा. ‘कंबाइन आयडेंटिकल एन्ट्रीज’ चालू ठेवा, म्हणजे एकाच पदाची सगळी पानं एका ओळीत येतील. त्याखालचा इंग्रजी ‘एफ’ लावणारा पर्याय बंद करून ‘कंबाइन विथ –’ निवडा. मराठी वाचकाला पानांचा पल्ला आकड्यांतच कळतो. ‘कॉलम्स’ टॅबवर दोन स्तंभ करा. ठळक आकड्यांसाठीची अक्षरशैली ‘एन्ट्रीज’ टॅबवर मिळेल. दर अक्षराच्या आधी ते अक्षर मथळा म्हणून छापण्याचा पर्यायही तिथेच आहे, पण पहिल्या खेपेला तो बंद ठेवून आधी क्रम नीट लागलाय का ते पाहा.

क्रमासाठी ‘टाइप’ टॅबवरच्याच ‘सॉर्ट’ या भागात भाषा ‘मराठी’ निवडा. हे राहिलं तर बाकी सगळी मेहनत वाया. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसवलेला आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही तर तक्त्यात स्वतंत्र अक्षरंच नाहीत : एक ‘क’पासून बनतं, दुसरं ‘ज’पासून. नुसत्या तक्त्याच्या क्रमानं लावलं तर ‘क्षत्रप’ हे पद ‘क’मध्ये जाऊन बसेल. जुन्नरच्या पुस्तकात क्षत्रपांशिवाय भागत नाही, म्हणून तपासायला हेच पद घ्या. सूची तयार झाली की ‘क्षत्रप’, ‘ज्ञानेश्वर’ आणि पोटात ‘ळ’ असलेली दोनतीन पदं कुठे लागली ते डोळ्यांनी पाहा. ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी हवेत की ‘क’, ‘ज’मध्ये, याबद्दल तुमचं किंवा प्रकाशकाचं मत काहीही असो, एकच पद्धत सगळीकडे ठेवा आणि सूचीच्या डोक्यावर एका ओळीत ती सांगून टाका.

सूचीत चूक दिसली तर ती सूचीत दुरुस्त करू नका. मूळ पानावर जाऊन खूण दुरुस्त करा, परत सूचीवर राइट क्लिक करून ‘अपडेट इंडेक्स’ म्हणा. सूचीत थेट केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो.

‘पाहा’ आणि ‘आणखी पाहा’

मराठी सूचीला याची गरज फार, कारण आपल्याकडे एका माणसाची तीन नावं असतात. कवितेत गोविंदाग्रज, विनोदी लेखनात बाळकराम आणि नाटकांवर राम गणेश गडकरी. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. गावांचंही तेच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या कागदपत्रांतून आलेल्या मजकुरात जुनी नावं असणार आणि वाचक दोन्हीकडून शोधणार. आपल्या हस्तलिखितात ‘गणेश लेणी – पाहा लेण्याद्री’ हवं.

रायटरमध्ये पानाच्या आकड्याशिवायची अशी नोंद करायला वेगळी सोय नाही. म्हणून दोन वाटा ठेवा. पदाला दोनतीनच पानं असतील तर ‘पाहा’च्या फंदात पडूच नका, दोन्ही नावांनी खुणा करा आणि दोन्हीकडे पानं छापा. ‘गोविंदाग्रज, पाहा गडकरी’ वाचून तिकडे गेल्यावर एकच आकडा मिळाला तर वाचकाला उगाच फेरा पडतो. पानं बरीच असतील, पोटपदं असतील, तर मात्र ‘पाहा’च हवं. अशा नोंदींची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्या अगदी शेवटी हातानं घाला. कसं ते खाली येतंच.

‘आणखी पाहा’ हे दोन्हीकडे माहिती असेल तेव्हाच : ‘नागनिका ४१, ४३, आणखी पाहा सातवाहन’. आणि प्रत्येक ‘पाहा’ ज्या पदाकडे बोट दाखवतो ते पद सूचीत खरोखर आहे ना, तेही अगदी त्याच शब्दांत, हे तपासा.

वर्डमध्ये काम करणाऱ्यांसाठी : शब्द निवडून ऑल्ट, शिफ्ट आणि एक्स दाबलं की खुणेची चौकट येते आणि तिच्यात क्रॉस-रेफरन्सची सोय तयार आहे. तिथला ‘सी’ हा इंग्रजी शब्द खोडून ‘पाहा’ लिहिता येतो. वर्डच्या खुणा लपवलेल्या मजकुराच्या रूपात असतात. त्या पडद्यावर उघड्या असताना जागा व्यापतात आणि पानं सरकतात, म्हणून सूची घालण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबून त्या लपवा.

मजकुरातले क्रॉस-रेफरन्स

‘या शिलालेखाचं वाचन पान ४५ वर दिलं आहे’ असं वाक्य लिहिताना ४५ हा आकडा कधीही हातानं टाइप करू नका. ‘इन्सर्ट’ मेनूतून ‘क्रॉस-रेफरन्स’ उघडा. डाव्या यादीत कशाकडे बोट दाखवायचं ते निवडा : ‘हेडिंग्ज’ म्हणजे शीर्षकं, ‘बुकमार्क्स’, ‘फुटनोट्स’, क्रमांकित परिच्छेद. मधल्या यादीतून नेमकं शीर्षक निवडा. मग पानाचा आकडा हवा, शीर्षकाचे शब्द हवेत की क्रमांक हवा ते सांगा आणि ‘इन्सर्ट’ करा. प्रस्तावनेच्या पानांना वेगळे आकडे दिले असतील तर पानाच्या दोन पर्यायांपैकी ‘स्टाइल्ड’ असं लिहिलेला निवडा, म्हणजे पानावर छापला जातो तोच आकडा येईल.

शीर्षक नसलेल्या जागेसाठी, समजा एका विशिष्ट परिच्छेदासाठी, आधी तिथले दोनतीन शब्द निवडून त्याच चौकटीत ‘सेट रेफरन्स’ करा आणि तिला ओळखू येईल असं नाव द्या. ‘नाणेघाट-रांजण’ चालेल, ‘संदर्भ १’ चालणार नाही. पन्नास झाल्यावर कुठला कोणता ते कळत नाही. मग हवं तिथून ‘इन्सर्ट रेफरन्स’.

चित्रं आणि नकाशांना राइट क्लिक करून ‘इन्सर्ट कॅप्शन’मधून मथळा द्या. प्रकाराच्या चौकटीत ‘आकृती’ किंवा ‘नकाशा’ स्वतः टाइप करता येतं. तो प्रकार मग क्रॉस-रेफरन्सच्या यादीत आपोआप दिसू लागतो आणि ‘नकाशा ३’ असा पूर्ण उल्लेख दुव्यासकट घालता येतो. मधे एक नकाशा वाढला की पुढचे सगळे क्रमांक बदलतात, मजकुरातलेही.

विभक्ती इथेही आडवी येते. दुव्यातून येणाऱ्या शब्दांना प्रत्यय जोडता येत नाही. ‘पाण्याची टाकी’ हे शीर्षक दुव्यानं आणून त्याला ‘त’ चिकटवलंत तर वाक्य बिघडतंच. म्हणून वाक्यच अशा बेतानं लिहा की शीर्षक मूळ रूपात राहील : ‘‘पाण्याची टाकी’ हे प्रकरण पाहा’, ‘‘पाण्याची टाकी’ या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे’. उद्या शीर्षक बदललं तरी वाक्य शाबूत. ‘मागे म्हटल्याप्रमाणे’, ‘पुढे येईलच’ हे शब्दही क्रॉस-रेफरन्सजवळ टाळा. प्रकरणांचा क्रम बदलला की ते खोटे ठरतात आणि ते दुरुस्त करणारं कुठलंही बटण नाही.

छापण्याआधीचा शेवटचा हात

पानाचा आकार, समास, फाँट, चित्रांच्या जागा सगळं पक्कं झाल्यावरच हे करा. ‘टूल्स’ मेनूतल्या ‘अपडेट’मधून ‘अपडेट ऑल’ म्हणा, आणि लगेच पुन्हा एकदा म्हणा. पहिल्या खेपेला पुढची अनुक्रमणिका एखादं पान वाढली तर बाकीचे आकडे सरकतात, दुसऱ्या खेपेत ते जागेवर येतात. नुसते क्रॉस-रेफरन्स ताजे करायला एफ९ पुरतं.

मग ‘एरर’ (Error) हा इंग्रजी शब्द शोधा. ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं तो मजकूर कुणी उडवला असेल तर त्या जागी संदर्भ सापडला नाही असा इंग्रजी संदेश येतो आणि नजर चुकली तर तो तसाच छापलाही जातो.

आता फाइलची नवी प्रत करा आणि पुढचं त्या प्रतीतच. सूचीवर राइट क्लिक करून ‘एडिट इंडेक्स’ उघडा, ‘प्रोटेक्टेड अगेन्स्ट मॅन्युअल चेंजेस’वरची टिचकी काढा. वेगळ्या यादीत ठेवलेल्या ‘पाहा’च्या नोंदी अकारविल्हे आपापल्या जागी टाइप करा. यानंतर या प्रतीत अपडेट करायचं नाही. मजकुरात काही बदललंच तर मूळ फाइलमध्ये बदला, तिथे अपडेट करा आणि नवी प्रत घेऊन ‘पाहा’च्या नोंदी पुन्हा घाला, यादी तयार असल्यानं त्याला फार वेळ लागत नाही.

पीडीएफ काढल्यावर सूचीतली वीसेक पदं इथून तिथून निवडा, प्रत्येक अक्षरातलं निदान एक येईल अशी, आणि त्यांची पानं उघडून पाहा. पोटपदांची आणि जोडलेल्या पानांची जरा जास्त तपासा. एखादं पान एकनं चुकलेलं दिसलं तर बहुतेक वेळा शेवटच्या अपडेटनंतर कुठेतरी मजकूर हललेला असतो : मूळ फाइल उघडा आणि ‘अपडेट ऑल’पासून पुन्हा सुरुवात करा.